भिंतीवरच्या सासवा

वेखंड घ्यायला माणूस मंडईत जातो तो बहुधा घरात तान्हं मूल असतं म्हणून. त्यामुळे सत्तरी ओलांडलेल्या संपतरावांनी पिशवीभर वेखंड मागितलं, तेव्हा काष्ठौषधींच्या दुकानातल्या गृहस्थांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं.

"अख्ख्या गावाचं बारसं एकदम उरकताय का?"

"जुन्या फोटोंना कसर लागते," संपतराव म्हणाले. "ट्रंकेत ठेवायचंय."

"मग तसं सांगावं. आम्ही आपलं अभिनंदन करणार होतो."

संपतराव हसले नाहीत. एरवी ते अशा टोमण्याला टोमणा देऊन आले असते, पण फोटोंचा विषय निघाला की हल्ली त्यांची जीभ जड व्हायची. त्यांनी पिशवी काखेत मारली, पुढच्या गल्लीतून मांजरपाटाचा तागा घेतला आणि स्वारगेटहून कात्रजची बस धरली. बसभर वेखंडाचा वास सुटला. शेजारच्या बाईंनी विचारलं, "नातू का नात?" संपतराव खिडकीबाहेर बघत राहिले.

कात्रजच्या पलीकडे बोरओढा म्हणून एक गाव होतं. अजूनही आहे, पण आता ते पुण्यात आहे, म्हणजे घरपट्टी पुण्याची आणि पाणी टँकरचं. जिथे ज्वारी हलायची तिथे मजले उभे राहिले. ज्याच्या शेतात इमारत झाली, त्याने तिला आपल्या आजीचं नाव दिलं, तेवढीच आजी शिल्लक राहिली. पृथ्वीराजच्या आजीचं नाव मालनबाई. तिच्या विहिरीवर 'मालन हाइट्स' उभी आहे. हा पृथ्वीराज गावच्या देवस्थानाचा विश्वस्त, स्वतः बिल्डर, स्वभावाने मोकळा. त्याच्याच डोक्यात आलं की देवळाच्या सभागृहावर एक स्मृतिदालन करायचं. घरोघरचे जुने फोटो, सातबाऱ्यांचे उतारे, बैलबाजाराच्या पावत्या, जीर्ण झालेल्या लग्नपत्रिका, सगळं गोळा करायचं आणि नीट जपायचं.

"पोरांना कळलं पाहिजे आपण कोण होतो ते," तो बैठकीत म्हणाला होता. "नाहीतर त्यांना वाटतं आपण जन्मलोच बिल्डर म्हणून."

हे काम संपतरावांकडे येणं अगदी साहजिक होतं. गावातला पहिला आणि बरीच वर्षं एकुलता एक फोटो स्टुडिओ त्यांचा. गावाच्या भिंतीवर जे काही लटकलं होतं ते त्यांच्याच हातचं. ते घरोघर जाऊन फ्रेम उतरवून आणायचे. घरी त्यांची सून अपेक्षा आपल्या ऑफिसच्या मीटिंगांच्या मधल्या वेळात तो फोटो स्कॅन करायची, कॉम्प्युटरवर साफ करायची, पुसट झालेले डोळे नव्याने घालायची. मग त्याची लखलखीत रंगीत प्रत त्या घरी जायची, जुन्या खिळ्यावर टांगली जायची. आणि मूळ फोटो, दालन तयार होईपर्यंत, संपतराव स्वतः मांजरपाटात गुंडाळून, वेखंडाची कांडी घालून, पत्र्याच्या ट्रंकेत पालथा ठेवायचे.

सगळं गाव त्यांचं कौतुक करत होतं. ह्या वयात केवढी धडपड, केवढी आस्था. संपतराव ऐकून घ्यायचे आणि मनात शरमून जायचे. कारण त्यांना काही जपायचं नव्हतं. त्यांना ते फोटो भिंतीवरून उतरवायचे होते, गुंडाळायचे होते, कुलपात घालायचे होते. अपराध्याला पुरावा गोळा करायची परवानगी मिळावी आणि वर हार घालून सत्कार व्हावा, तसं त्यांचं चाललं होतं.

घरी पोचले तेव्हा अपेक्षा जेवणाच्या टेबलावर स्कॅनर मांडून बसली होती. शेजारी एक जुना फोटो उताणा पडला होता. संपतरावांच्या पत्नी मैनाबाई नेहमीप्रमाणे गॅलरीच्या दाराशी आपल्या वेताच्या खुर्चीत होत्या. मान जरा पुढे कललेली. म्हातारपणात त्यांची मान धरायची नाही, हनुवटी छातीला टेकायची. आणि दिसत तर त्यांना तीस वर्षांहून जास्त काळ काहीच नव्हतं.

"ह्यो पंखा केवढा घाण झालाय," मैनाबाई म्हणाल्या.

अपेक्षाने वर बघितलं. पात्यांच्या कडांना खरोखरच काळा थर चढला होता.

"आई! तुम्हाला कसं कळलं?"

मैनाबाईंनी खुर्चीचा हात चाचपला. "आवाजावरनं."

"बाबा, आईंपुढे आपण वेस्ट आहोत," अपेक्षा हसत म्हणाली. तिने टेबलावरचा फोटो उचलला, स्कॅनरच्या काचेवर पालथा घातला, झाकण लावलं. आत उजेडाची पट्टी सरकत गेली.

"आन् ह्यो उजेड," मैनाबाईंनी डोळे चोळले. "सकाळधरनं सारखा डोळ्यांम्होरनं पळतोय. हिकडनं तिकडं."

"डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवू या का, बाबा? या वयात काही तरी नवीन व्हायला नको."

संपतरावांनी पिशवी खाली ठेवली. उजेड कधी पळतो आणि झाकण कधी लागतं, हे त्यांनी मनाशी जोडलं नाही. म्हणजे जोडलं, आणि लगेच सोडून दिलं. माणसाला नको ते सोडून देता येतं, निदान संध्याकाळपर्यंत तरी.

मैनाबाईंना घरबसल्या सगळं कळतं, ही गोष्ट गावात जुनीच होती. कोणाच्या सुनेने माहेरहून नवी साडी आणली, कोणाच्या घरी भावाभावांचं बोलणं बंद झालं, कोणाच्या देवघरात नंदादीप विझला, हे त्या खुर्चीत बसून सांगायच्या. लोक म्हणायचे, देवाने डोळे नेले आणि कान दिले. बायका चेष्टेने म्हणायच्या, मैनावहिनी असताना गावाला कॅमेरे कशाला हवेत. मैनाबाई पदर तोंडाला लावून हसायच्या.

संपतरावांना मात्र त्या हसण्याकडे बघवायचं नाही. कारण तिचे डोळे देवाने नेले नव्हते.

ते असं झालं होतं. बोरओढ्यात त्या काळी पुरुषांचा एखादा तरी फोटो असायचा. कुस्तीच्या फडातला, यात्रेतला, सोसायटीच्या निवडणुकीतला. बायकांचा नसायचा. जन्मभर शेतात आणि चुलीपुढे गेलेली बाई मेली, की मग घरच्यांना आठवायचं की हिचा फोटोच नाही. मग स्टुडिओत माणूस धावत यायचा. "संपा, चल लवकर, न्यायची वेळ झालीया." संपत कॅमेरा घेऊन जायचा. म्हातारीला आंघोळ घालून, नवं लुगडं नेसवून लाकडी खुर्चीत बसवलेलं असायचं. कमरेला खुर्चीशी बांधलेलं. पण मान काही केल्या राहायची नाही. म्हणून सून खुर्चीमागे उभी राहायची. तिच्या अंगावरून पांढरी चादर सोडायची, आणि चादरीच्या आतून ती सासूचं डोकं दोन्ही हातांनी ताठ धरायची. फोटोत चादर मागच्या पडद्यासारखी दिसायची. नीट निरखलं तर मात्र म्हातारीच्या कानांमागे, कापडाखाली, बोटांचे उंचवटे दिसायचे. कोणी इतकं निरखत नसे.

आणि मग घरचे म्हणायचे, डोळे उघडे दिसले पाहिजेत बरं का.

शहरातले जुने कारागीर ब्रशने डोळे रंगवायचे. संपतकडे तो हात नव्हता. त्याने काढलेले डोळे बटणांसारखे दिसायचे. तेव्हा त्याने एक युक्ती केली. नुकतंच लग्न झालं होतं. मैना वीस वर्षांची, आणि तिच्या डोळ्यांविषयी सगळं गाव बोलायचं. तो तिला म्हणाला, "ये, तुझा फोटो काढतो." ती किती हरखली होती. नथ घातली, केसात अबोली माळली, स्टुडिओच्या स्टुलावर बसून श्वास रोखून कॅमेऱ्यात बघत राहिली. त्याने समोरून काढला, किंचित डावीकडून काढला, उजवीकडून काढला. मग लहान-मोठ्या मापात प्रती काढल्या, ब्लेडने डोळे तेवढे कापले, म्हातारीच्या फोटोवर चिकटवले, कडा ब्रशने मिटवल्या आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो काढला. म्हातारी टक्क बघू लागली. घरचे रडले. म्हणाले, बघा आईची नजर, अजून किती कोवळी.

मैनाने दोनतीनदा विचारलं, "माझा फोटो कुठाय?"

"खराब झाला," तो म्हणाला. "रीळच खराब निघालं."

नवा काढू, असं म्हणाला आणि कधी काढला नाही. गावातल्या एकूण एक सासूचा फोटो ज्याने काढला, त्याच्या बायकोचा मात्र एकही फोटो नाही. प्रत्येक मयताला तो जुन्या प्रतींमधून डोळ्यांची एक जोडी कापत राहिला. आणि मैनाला अंधुक दिसू लागलं. आधी सुईत दोरा ओवेना. मग तांदळातले खडे दिसेनात. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांची शीर सुकत चाललीय, कारण कळत नाही. संपतला कळलं होतं. निदान संशय आला होता. दर फोटोनंतर तिच्या डोळ्यांपुढचं धुकं दाट व्हायचं, हे त्याच्या ध्यानात आलं होतं, आणि तरी तो स्वतःला म्हणत होता, काहीतरीच, फोटोने कुठे असं होतं.

मग मालनबाई गेल्या. त्यांचा मुलगा, म्हणजे पृथ्वीराजचा बाप, स्वतः दारात आला. गावचा मोठा माणूस. त्या वेळी मैनाला जवळ धरलेला चेहरा तेवढा दिसत होता. मुलगा योगेश बालवाडीत होता, त्याला मांडीवर घेऊन ती नाकाला नाक लावून बघत बसायची. संपतच्या ओठावर आलं होतं, मला जमणार नाही म्हणून. एवढंच म्हणायचं होतं. मोठ्या माणसापुढे जीभ वळली नाही. रात्री त्याने शेवटची जोडी कापली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मैना देवापुढे वात लावत होती. वात लागली, ज्योत चांगली सरळ उभी राहिली. मैना काडीमागून काडी ओढत होती.

"अहो," ती म्हणाली, "वात लागंना का झाली?"

इतक्या वर्षांत एकही दिवेलागण अशी गेली नव्हती की ते वाक्य संपतरावांच्या कानात उमटलं नाही. आता तुम्हीच सांगा, असा माणूस ते फोटो उतरवायला मिळाल्यावर नाही म्हणेल?

ट्रंक भरत आली तशा मैनाबाई गप्प होऊ लागल्या.

आधी गावच्या बातम्या आटल्या. मग त्या घरातल्या घरात भिंत चाचपडू लागल्या. इतकी वर्षं आंधळेपण ज्या सहज वागवत होत्या, त्या आता हाक मारल्यावर दचकायच्या. जेवताना हात हवेत थांबायचा. अपेक्षा म्हणाली, "बाबा, आईंना डिप्रेशन तर नाही ना आलं?" योगेश रात्रपाळीहून येऊन झोपायचा, त्याच्या कानावर घातलं तर तो म्हणाला, वय झालंय.

एका दुपारी संपतराव रतनच्या घरून आले. रतन ही गावातली विधवा बाई. तिच्या सासूचा फोटो स्वयंपाकघरात, फडताळाच्या वर टांगलेला होता. तो त्यांनी तिथेच उतरवून, कापडात गुंडाळून पिशवीत घातला होता. घरात पाऊल टाकलं तर मैनाबाई एकट्याच बोलत होत्या.

"रतनचं सैपाकघर बी गेलं," त्या हलकेच म्हणाल्या. "ती शेंगदाणं भाजत होती... जळाया लागलं होतं... आन् गेलं."

संपतराव दारातच उभे राहिले. रतन खरंच शेंगदाणे भाजत होती. त्यांच्याशी बोलण्याच्या नादात तिचे दाणे जळले होते. पिशवीला अजून तो वास होता.

"मैना," त्यांनी पिशवी दाराशीच ठेवली. "काय गेलं म्हणालीस?"

मैनाबाईंनी तोंड वळवलं.

"तुम्हाला सांगायचं न्हवतं... तुम्हाला वाईट वाटलं आसतं."

"काय?"

"मला दिसायचं हो. हितलं न्हाय. आपल्या घरातलं कधीच न्हाय दिसलं, त्या दिशीचा पंखा सोडून. पर लोकांच्या घरातलं दिसायचं. उंचावनं... खिळ्यावर बसल्यागत. मला वाटायचं, आंधळ्या माणसाला समद्यांनाच आसं दिसत आसंल." त्या थोडं हसल्या. "दसऱ्याला झेंडूचा हार डोळ्यांवर यायचा. मग बाईमाणूस काचंवर कुंकू लावाया यायची. बोट आसं जवळ जवळ यायचं... मी डोळं मिटाया बघायची. मिटायचं न्हाईत."

संपतराव खाली बसले.

"किती तरी घरं होती माझी," मैनाबाई म्हणाल्या. "पोरं मोठी झालेली बघितली मी. लोकांची. आता एकेक करून बंद हुत्यात. कुणी तरी फडकं टाकल्यागत. आन् एक वास येतो... वेखंडाचा... मग काळं."

त्या माणसाच्या मनाचं त्या क्षणी काय झालं असेल ते सांगायला नको. एकदा त्याने तिला आंधळं केलं ते नकळत, असं तो स्वतःची समजूत घालायचा. आता दुसऱ्यांदा करत होता ते स्वच्छ कापडात घडी घालून, कांडीकांडीने, लोकांच्या शाबासकीत. ट्रंकेकडे त्यांना बघवेना.

"एकच राहिलंय," मैनाबाई म्हणाल्या. "मोठी जागा हाय. गुळगुळीत फरशी. लिफ्ट हाय. वॉचमन सारखा जांभया देतो. तेवढं एक ऱ्हाऊ द्या, अहो."

मालन हाइट्सची लॉबी. मालनबाईंचा फोटो. तो उतरवायचा दिवस उद्याचाच ठरला होता.

संपतराव दुसऱ्या दिवशी निश्चय करून गेले. पृथ्वीराज लॉबीत नवी फ्रेम घेऊनच उभा होता. आजीचा मोठा रंगीत फोटो, डोळे पाणीदार, कॉम्प्युटरने नव्याने घातलेले. वर पिवळा दिवा.

"काका, मी नुसता मोबाइलवर फोटो काढून पाठवला, त्यातून काय काम केलंय तुमच्या अपेक्षाने! आजी एकदम फ्रेश दिसते."

"पृथ्वीराज... जुना राहू दे इथंच. एका बाजूला."

"अहो काका, तो दालनात शोभेल. इथे दोन-दोन आज्या काय करायच्या? का, काही प्रॉब्लेम आहे का?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ह्याच्या बापापुढे जे वाक्य निघालं नाही, तेच मुलापुढेही निघालं नाही. काय सांगणार, की ही तुझी आजी नाही बघत, माझी बायको बघते? संपतराव म्हणाले, "काही नाही." वॉचमनने जांभई देत शिडी लावली आणि फोटो त्यांच्या हातात दिला. पिशवीत मांजरपाटाचा तुकडा होता. त्यांनी तो बाहेर काढला, हातात धरला, आणि पुन्हा पिशवीत कोंबला.

फोटो त्यांनी छातीशी धरला, तोंड पुढे करून, आणि चालत निघाले.

संध्याकाळची वेळ. रस्त्यावर गाड्यांची ही गर्दी. एक म्हातारा, छातीवर कोण्या मेलेल्या बाईचा हार उतरलेला फोटो, आणि तो हळूहळू चालतोय, चौकात थांबतोय, फोटो जरा डावीकडे वळवतोय, जरा उजवीकडे. लोकांना वाटलं कोणाच्या तरी दहाव्याला निघालाय. एका रिक्षावाल्याने हात जोडले. संपतरावांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

घरात मैनाबाई खुर्चीच्या टोकाला सरसावून बसल्या होत्या.

"केवढाल्या बिल्डिंगी झाल्या हो," त्या आल्याआल्याच म्हणाल्या. "आन् ओढा कुठं गेला?"

"बुजवला," संपतराव म्हणाले. "वर रस्ता झाला. त्याच रस्त्यानं आलो आपण."

अपेक्षा छापलेल्या प्रती आणायला बाहेर गेली होती, योगेश कामावर. घरात दोघंच. संपतरावांनी मालनबाईंचा फोटो टीव्हीच्या कपाटावर, मैनाबाईंच्या खुर्चीसमोर टेकवून ठेवला आणि बाजूला झाले. फोटोतले ते कोवळे डोळे सुरकुतलेल्या चेहऱ्यातून सरळ समोर बघत होते. खुर्चीतल्या मैनाबाईंचे डोळे मिटलेले होते.

"अगं बाई," त्या पुटपुटल्या. "ह्ये तुम्ही?"

"मीच."

"किती म्हातारं झालाय हो तुम्ही."

संपतरावांना हुंदका आवरला नाही. चाळीस वर्षांच्या वरचा संसार, आणि डोळे गेल्यापासून बायकोने नवऱ्याला इतक्या जवळून आज पहिल्यांदा बघितलं, तेही दुसऱ्या कोणाच्या तरी मेलेल्या चेहऱ्यातून.

"मैना, मी तुझे डोळे..."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "रीळ खराब न्हवतं झालं. मला लई आधी कळलं. बाकीच्यांनाबी भायेर काढा. गुदमारतंय."

त्यांनी ट्रंक उघडली. वेखंडाचा उग्र वास खोलीभर पसरला. एकेक घडी उलगडून ते फोटो मांडत गेले. सोफ्यावर, फ्रीजवर, शिलाईच्या मशीनवर, खिडकीच्या कठड्यावर, जागा संपली तेव्हा जमिनीवर भिंतीला टेकवून. रतनची सासू. गोदाबाई. पाटलांची थोरली. शेवटी बोरओढ्याच्या सगळ्या सासवा त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दाटीवाटीने बसल्या, पांढऱ्या पडद्यापुढे, ताठ मानेने, आणि सगळ्या संपतरावांकडे बघू लागल्या. ते जिकडे वळतील तिकडे तीच नजर. वीस वर्षांच्या मुलीची नजर, केसात अबोली माळून फोटोची वाट बघणारी. त्यांना कुठे तोंड लपवावं ते कळेना.

बाहेर अंधारलं होतं. त्यांनी दिवा लावायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या," मैनाबाई म्हणाल्या. "दिसतंय मला. समदं दिसतंय. तुम्ही मागनं बी दिसताय, म्होरनं बी... मी बी दिसतीया. म्हातारी झाले की मी. केस किती पांढरं..." त्या थांबल्या. "अपेक्षा आली का?"

"नाही. यायचीय अजून."

"न्हाई कशी... माझ्या मागं उभी हाय न्हवं."

संपतरावांनी खुर्चीमागे बघितलं. गॅलरीचं दार उघडं होतं. पलीकडे इमारतींचे दिवे लागले होते. दुसरं काही नव्हतं.

"कोणी नाही, मैना."

"हाय. चादर घेतलीया डोक्यावरनं." मैनाबाईंचा आवाज अगदी खाली आला. त्यात भीती होती का, ते संपतरावांना आजही सांगता यायचं नाही. "थांबा... आता हात लावला तिनं. थंड हायेत... पर धरलंय हलकं. लई हलकं धरलंय..."

आणि कित्येक महिन्यांत जी मान छातीवरून वर झाली नव्हती, ती सावकाश वर आली. कललेली होती ती सरळ झाली. मैनाबाई वेताच्या खुर्चीत ताठ बसल्या.

संपतरावांना पळायचं होतं. ओरडायचं होतं, सोड तिला म्हणून. पण कोणाला सांगणार? ज्या सुना तेव्हा चादरीखाली उभ्या राहिल्या, त्यांतल्या बहुतेक कधीच्या मेल्या होत्या, आणि त्यांचेही फोटो संपतरावांनीच काढले होते.

"अहो," मैनाबाई म्हणाल्या. "फोन हाय ना खिशात? काढा."

"काय?"

"माझा फोटो." त्यांनी पदर सारखा केला. "ह्या खेपंला खराब करू नका."

संपतरावांच्या हातून फोन दोनदा निसटला. बायकोची एवढी एक मागणी जन्मभर राहिली होती. नाही म्हणायची हिंमत त्यांना ह्याही वेळी झाली नाही, आणि ह्या वेळी नाही म्हणायला हवं होतं का होय, हेही त्यांना कळत नव्हतं. मोठ्या कष्टाने त्यांनी फोन डोळ्यांसमोर धरला आणि बटण दाबलं.

खोलीत काहीच हललं नाही. वेखंडाच्या वासात अबोलीचा म्हणावा असा काहीसा गंध मिसळल्यासारखा वाटला, तेवढंच.

किती वेळ गेला कोण जाणे. दाराची किल्ली फिरली. अपेक्षा प्रतींचं पुडकं घेऊन आत आली आणि दिवा लावून जागच्या जागी थबकली.

"बाबा! हे काय केलंय? सगळे बाहेर का काढलेत? आणि अंधारात का बसलाय?"

पुडकं टेबलावर ठेवून तिने त्यांच्या हातातून हळूच फोन घेतला. पडद्यावरचा फोटो बघून तिचा चेहरा निवळला.

"अय्या, आईंचा फोटो! कसला भारी आलाय. किती तरुण वाटतायत. आणि डोळे केवढे सुंदर, बाबा. कधी इतके उघडलेले बघितलेच नव्हते." तिने बोटांनी फोटो मोठा केला. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "पण मागे ही पांढरी चादर कुठली टांगलीत?"

संपतरावांनी फोनकडे बघितलं नाही. त्यांनी भोवतालच्या सगळ्या फोटोंवरून नजर फिरवली. सोफा, फ्रीज, मशीन, कठडा. एकूण एक सासूचे डोळे मिटलेले होते, ज्या दिवशी त्यांना खुर्चीत बसवलं होतं त्या दिवशी होते तसे.

"आई?" अपेक्षाने हाक मारली. "आई, झोपलात का?"

खुर्चीत मैनाबाईंची मान अजून ताठच होती.